टमी टकनंतरचा पट्टा: ५६ दिवसांच्या नोंदी

जालन्यातल्या एका घरी रोजच्या ड्रेसिंगबरोबर ठेवलेली ही वही. रुग्ण ४१ वर्षांच्या ताई, दोन सिझर झालेल्या. पोटाची लोंबती कातडी काढून मधले फाकलेले स्नायू शिवायचं ऑपरेशन, म्हणजेच टमी टक, छत्रपती संभाजीनगरला झालं. ऑपरेशन कसं करतात ते इथं सापडणार नाही. पोटावर बांधायचा कोणता पट्टा घेतला, तो कसा बांधला, कुठं चुकलं आणि मग काय बदललं, एवढंच आहे. किती आठवडे घालायचा, अंघोळ कधी, गारमेंट (पट्ट्यानंतर घालायचा घट्ट, लवचीक कपडा) कधी, हे प्रत्येक सर्जन आपल्या पद्धतीनं सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी, ही वही नंतर.

२९ जानेवारी (ऑपरेशनच्या ११ दिवस आधी)

मापं घेतली. उभ्यानं: बरगडीखाली ८८ सेंटिमीटर, कमरेच्या बारीक जागी ९७, बेंबीवर १०४, नितंबांवर रुंद जागी १०९. छातीखालपासून जांघेपर्यंतची उंची उभ्यानं ३४, खुर्चीवर बसून २६.

पहिली चूक इथंच झाली. दुकानात "कंबर किती?" असं विचारलं, ९७ सांगितलं, खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे ९० ते १००चा एल पट्टा हातात आला. घरी लावून पाहिला तर खाली नितंबांवर वेल्क्रोला वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटत होता. या ऑपरेशनचा टाका एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत, चड्डीच्या रेषेत असतो. पट्ट्याची खालची कड त्याच्याही खाली जायला हवी. म्हणजे पट्टा कमरेवर बसतच नाही, बेंबी आणि नितंबांवर बसतो. माप तिथलं सांगायचं. पाकीट फोडलं म्हणून दुकानदारानं परत घेतला नाही. ५८० रुपये गेले. एक्सएल ६२०ला, दोन घेतले: एक अंगावर, एक धुवायला.

"ऑपरेशननंतर बारीकच होणार, मग लहान घ्या," असं सांगणारे घरोघरी भेटतील. पहिले दोन आठवडे सूज आणि पॅड मिळून घेर कमी होत नाही. पहिला पट्टा आजच्या मापाचाच घ्यायचा.

रुंदीचा घोळ वेगळाच. ९ इंची म्हणजे २३ सेंटिमीटर, १२ इंची म्हणजे ३०. बसल्यावर जागा २६चीच, म्हणजे १२ इंची बरगडीला लागणार. ९ इंची टाक्याखालून सुरू केला तर बेंबीच्या जरा वर संपतो आणि वरच्या पोटाची सूज कडेवर वळकटीसारखी जमते. डॉक्टरांना विचारून १२ इंची ठेवला. बसताना वरची कड सैल करायची असं ठरलं.

ताईंना मिसरीची सवय होती. ती डॉक्टरांनी डिसेंबरमध्येच पूर्ण बंद करायला लावली होती. मिसरी ही भाजलेली तंबाखूच असते, पण "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्याकडच्या बायका खरं मानूनच "नाही" म्हणतात. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडतं. त्यावर घट्ट पट्टा म्हणजे दुहेरी मार. तंबाखू, गुटखा, मिसरी, काहीही असलं तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

६ फेब्रुवारी

घराची तयारी. पुरुषांचे साधे सुती बनियन सहा आणले, ११० रुपयाला एक. गोल विणीचे पाहून घेतले, त्यांना बाजूला शिवण नसते. खांद्याच्या पट्ट्या कापल्या, म्हणजे हात वर न करता पायांतून वर चढवता येतो. उलटा घालायचा, लेबल आणि दुमड बाहेरच्या बाजूला. पट्टा उघड्या अंगावर कधीच बांधायचा नाही.

जमिनीवरची गादी बंद. पलंगावर पाठीला तीन उशा, गुडघ्यांखाली एक लोड. कंबर आणि गुडघे वाकलेले राहिले की टाक्यावर ताण येत नाही. संडास देशी आहे, उकिडवं बसणं जमणार नाही, म्हणून कमोडची खुर्ची भाड्यानं आणली, महिन्याचे ९०० रुपये.

९ ते ११ फेब्रुवारी (दिवस ० ते २)

पट्टा थिएटरमध्येच बांधून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून चालवलं, खोलीतून कॉरिडॉरपर्यंत, दिवसातून पाच वेळा. अंथरुणात जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली २० वेळा. स्नायू शिवल्यानं पोटातला दाब आधीच वाढलेला असतो. पट्टा आवळला की तो आणखी वाढतो आणि पायांतलं रक्त वर यायला अडतं. पोटरीत गुठळी होण्याची भीती तिथं असते. पट्टा आणि चालणं जोडीनंच हवं.

घट्टपणा पाहायच्या दोन खुणा तिथल्या सिस्टरकडून घेतल्या. एक, बांधल्यावर सपाट तळवा कडेखालून सहज आत जायला हवा. दुसरी, तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून प्लॅस्टिकच्या गोळ्या वर उचलायचं यंत्र. ताई पट्टा उघडा असताना दोन गोळ्या वर धरत होत्या. बांधल्यावर एकच उचलली गेली तर पट्टा घट्ट आहे, सैल करा. ही खूण फार उपयोगाची ठरली, कारण यात "बरं वाटतंय का?" असं विचारावं लागत नाही. गोळीच सांगते.

१२ फेब्रुवारी (दिवस ३)

घरी आलो. ६० किलोमीटर, बदनापूरला थांबून पाच मिनिटं चालवलं. सीट अर्धी मागे टाकली, सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये लहान उशी. बेंबीवरचा घेर पॅड धरून १०६. एल पट्टा आज लागलाच नसता.

बांधायची पद्धत ठरवली. झोपूनच, गुडघे वाकवून. पट्टा पाठीखाली आधीच पसरलेला. बनियन खाली ओढून एकही सुरकुती नाही हे हात फिरवून पाहायचं. मग गमजीचा (गॉजमध्ये गुंडाळलेल्या कापसाच्या जाड पट्टीचा) एकच लांब तुकडा टाक्यावर, जोड नसलेला. आधी खालचा भाग चिकटवायचा, टाक्याखाली चार बोटं. वेल्क्रोचं तोंड किंचित तिरकं धरायचं, म्हणजे खाली नीट धरतो आणि वर सैल राहतो. शेवटी तळवा आत घालून पाहायचा, मग गोळ्या. पहिल्या दिवशी याला १८ मिनिटं लागली, आठवड्यानंतर सहा.

१४ फेब्रुवारी (दिवस ५)

ड्रेनचा हिशेब चुकला. ड्रेन म्हणजे आत साचणारं पाणी बाहेरच्या डब्यात उतरवणारी नळी. दोन ड्रेन, उजवा आणि डावा. काल २४ तासांत उजवा ५५ मिलि, डावा ७०. आज सकाळी डावा एकदम १५. "सुकायला लागला" असं समजून सगळे खूश. दुपारी बनियन डाव्या बाजूला ओला, नळीच्या तोंडाशी पाझर. पट्टा उघडला तर नळी पट्ट्याखालून आडवी गेलेली आणि कडेपाशी मोडलेली. नळी सरळ केल्याबरोबर दहा मिनिटांत ४० मिलि उतरलं. कातडीवर नळीच्या जाडीचा खड्डा, दोन तासांनी भरून आला.

तेव्हापासून नळी पट्ट्याखालून नेली नाही. निघते तिथून सरळ खाली घेऊन पट्ट्याच्या खालच्या कडेबाहेर काढली, मांडीवर एक सैल वेटोळं ठेवून चिकटपट्टीनं धरलं. डब्यांना जुन्या साडीच्या नाडीच्या दोन पिशव्या शिवल्या आणि त्या कमरेला वेगळ्या बांधल्या, पट्ट्याला नाही. पट्टा उघडला की डबा खाली पडून टाका ओढला जाण्याचा धोका असतो, तोही टळला. ड्रेन एका दिवसात निम्म्याहून खाली आला तर आनंद करण्याआधी नळी बोटानं चाचपून पाहा.

१५ फेब्रुवारी (दिवस ६)

सकाळी तपासताना टाक्याच्या वर चार बोटांवर एक आडवी लाल रेघ, नऊ सेंटिमीटर लांब. कारण सापडायला वेळ लागला. गमजी कमी पडली म्हणून रात्री दोन तुकडे जोडून ठेवले होते. जोडाची कड अंगात रुतली होती. बसल्यावर पट्टा वर सरकतो, तेव्हा ती कड दुमडून तिचा दोर झाला.

या ऑपरेशनमध्ये कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढतात. तिला आता रक्त वरून आणि बाजूंनी येतं, आणि बेंबीखाली टाक्याच्या मधोमध सगळ्यात शेवटी पोचतं. म्हणून घडी, शिवण, बटण, नळी, कापसाचा गोळा, काहीही असो, त्या जागेवर रुतायला नको. तिथं सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून पाहणं सुरू केलं. बोटानं हलकं दाबायचं, रंग जातो, सोडल्यावर दोनेक सेकंदांत परत यायला हवा. सावळ्या कातडीवर रंग नीट कळत नाही, म्हणून बरगडीखालची कातडी शेजारी दाबून तुलना करायची. उशीर लागला, निळसर-काळपट दिसलं, थंड लागलं, तर पट्टा पूर्ण उघडून लगेच डॉक्टरांना फोन. सकाळची वाट पाहायची नाही.

लाल रेघ सहा तासांत गेली. गमजीचा रोल मोठा आणला.

बेंबीचंही आज लक्षात आलं. नवीन बेंबीभोवती टाके असतात आणि पट्टा त्यांना चेपतो. गमजीच्या तुकड्याला पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक पाडून ते बेंबीवर आणलं, वर पातळ गॉज. ओलेपणा निम्मा झाला.

१७ फेब्रुवारी (दिवस ८)

या वहीतली सगळ्यात मोठी चूक. ही कुणाच्या घरी पुन्हा होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर.

काल संध्याकाळी घरच्या वडीलधाऱ्या आत्याबाई भेटायला आल्या. पट्टा सैल दिसला. "अगं, एवढं ढिलं काय बांधायलीस? बाळंतिणीचं पोट बांधतेत तसं आवळ, नाहीतर पोट सुटतंय." त्यांनी प्रेमानं, दोन्ही हातांनी, वेल्क्रो चार बोटं पुढं ओढून बांधला. ताईंनी रात्रभर काही तक्रार केली नाही. आज सकाळी उजव्या खुब्यावर दोन रुपयाच्या नाण्याएवढा पाण्याचा फोड, आणि वरच्या कडेखाली बरगडीवर खोल वळ.

तक्रार आली नाही, कारण तिथं जाणीवच नाही. या ऑपरेशननंतर बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर राहते. "दुखायलंय का?" याचं उत्तर "नाही" आलं तरी त्याला अर्थ नाही. डोळ्यांनीच पाहावं लागतं.

बाळंतपणात पोट बांधतात तेव्हा कातडी जागच्या जागी असते, तिचा रक्तपुरवठा शाबूत असतो. इथं तसं नाही. पोटाला आकार ऑपरेशननं दिला आहे, स्नायू दोऱ्यानं शिवलेले आहेत. पट्ट्यानं फक्त धरून ठेवायचं. हे आत्याबाईंना वहीतलं चित्र काढून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की गं." बरोबर होतं त्यांचं. भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगायला हवं होतं. आता पट्ट्यावर पेनानं रेघ मारली आहे: वेल्क्रो या रेघेपुढं न्यायचा नाही. रेघ रोज तपासून बदलतो, पण बदलतो आम्हीच.

याच ओघात शेक-शेगडीचंही बोलून घेतलं. गरम पाण्याची पिशवी, शेगडी, विटेचा शेक, काहीही पोटाला नाही. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. तेल लावून चोळणंही नाही.

फोड फोडला नाही. कोरडं गॉज ठेवलं, पट्ट्याखाली त्या जागी गमजीला खिडकी कापली. डॉक्टरांना फोटो पाठवला. आठ दिवसांत सुकला, बारीक डाग राहिला.

१९ फेब्रुवारी (दिवस १०)

उजवा ड्रेन सलग दोन दिवस २५च्या खाली, संभाजीनगरला जाऊन काढला. डावा ४५, ठेवला.

२३ फेब्रुवारी (दिवस १४)

डावाही निघाला. ड्रेन निघाल्यावर पट्टा सैल ठेवायचा मोह होतो, पण आतली रिकामी जागा चिकटायला अजून वेळ हवा. २४ तासांपैकी २३ पट्टा, एक तास अंघोळ आणि तपासणीला.

२५ फेब्रुवारी (दिवस १६)

पहिली पूर्ण अंघोळ. दोन आठवडे बांधलेला पट्टा उघडल्यावर उभं राहिलं की चक्कर येते, हे ऐकून होतो, तरी खुर्ची न्यायला विसरलो. ताई भिंतीला टेकल्या, घामाघूम. पडल्या नाहीत, हे नशीब. आता क्रम असा: आधी नाश्ता आणि पाणी, मग पलंगावरच पट्टा उघडून पाच मिनिटं पडून राहणं, मग पाच मिनिटं बसणं, मग न्हाणीत प्लॅस्टिकची खुर्ची, दाराला कडी नाही, बाहेर एकजण. पाणी कोमट. पोट पुसायचं नाही, टिपायचं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय बनियन चढवायचा नाही.

२६ फेब्रुवारी (दिवस १७)

दुसऱ्या टप्प्याचं गारमेंट कुरिअरनं आलं. छातीखालपासून मांडीपर्यंत, एका बाजूला हुक आणि चेन, ३,४०० रुपये. लहान पडलं. चेन लावायला दोघींना २५ मिनिटं लागली आणि मांडीच्या कडेवर मांस वर आलं. लगेच काढलं.

माप चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. १६ तारखेला सकाळी पट्टा नुकताच काढलेला असताना बेंबीवर ९५ भरलं होतं. आज संध्याकाळी, पट्टा अर्धा तास उघडा ठेवून, त्याच जागी ९८. सूज दिवसभरात चढते. गारमेंटचं माप संध्याकाळचं, पट्टा अर्धा तास सोडून घ्यायचं, आणि मांडीचंही घ्यायचं. बदलून मागवलं, परतीच्या कुरिअरचे २४०.

हुकांच्या तीन रांगा असतात. नवीन गारमेंट पहिल्या, सैल रांगेत नीट बसलं तरच ते मापाचं. सूज उतरली की पुढच्या रांगा हाताशी राहतात. पहिल्याच दिवशी शेवटच्या रांगेत लावलेलं गारमेंट महिन्याभरात ढिलं पडतं आणि पुढं सरकायला जागा नसते.

२८ फेब्रुवारी (दिवस १९)

बेंबीच्या डाव्या बाजूला, खाली फुगवटा. एका बाजूनं टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला लाट जाते. ताई म्हणाल्या, "चालताना आत पाणी हलायलंय." ताप नाही, लाली नाही. कातडीखाली पाणी साचलं, त्याला सिरोमा म्हणतात. या ऑपरेशननंतर ही तक्रार नेहमीची आहे. आजच संभाजीनगर गाठलं. डॉक्टरांनी सिरिंजनं ६० मिलि पिवळसर पाणी काढलं. तिथं कातडी बधिर, सुई कळलीही नाही.

पट्टा सैल होता म्हणून झालं, असं म्हणता येणार नाही. पट्टा नीट असूनही होतं. पण पाणी काढल्यावर त्या जागी गमजीची एक सपाट घडी जास्त ठेवून पट्टा नीट बांधायला डॉक्टरांनी सांगितलं. घरी कुणी सुई लावायची नाही, चोळून जिरवायचं नाही.

४ मार्च (दिवस २३)

पुन्हा २५ मिलि निघालं. नंतर भरलं नाही. बदललेलं गारमेंट काल आलं होतं. डॉक्टरांनी पाहून परवानगी दिल्यावर आज घातलं. पहिल्या रांगेत व्यवस्थित बसलं.

घालायचा क्रम: खुर्चीवर बसून दोन्ही पाय घालायचे, गुडघ्यांपर्यंत सुरकुत्या सोडवत वर आणायचं, मग पलंगावर झोपून कंबर किंचित उचलून वर. आधी सगळे हुक खालून वर, मग चेन. चेनच्या मागं चार बोटं रुंद सुती पट्टी ठेवायची, नाहीतर कातडी चेनमध्ये अडकते आणि बधिर असल्यानं कळतच नाही. खालचं तोंड लघवीसाठी उघडं असतं, पण पहिल्या दोन वेळा ओलं झालं. नरसाळ्याचा प्रयोग केला, नीट जमला नाही. शेवटी कमोडवर पुढं झुकून बसणं आणि दोन्ही हातांनी तोंड ताणून धरणं हेच जमलं. दुसरं गारमेंट लगेच मागवलं. एकावर भागत नाही.

८ मार्च (दिवस २७)

ओटीपोटाखाली, जननांगाच्या वरच्या भागाला सूज आणि निळसर डाग. ताई घाबरल्या, सांगायला दोन दिवस लाजल्या. सूज खाली उतरते आणि पट्ट्याची कड जिथं संपते तिथं साचते. आधीचा पट्टा त्या भागाच्या वरच थांबत होता. गारमेंटनं तो भाग झाकल्यावर पाच-सहा दिवसांत उतरली. बायकांनी हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं. रोज हेच पाहणाऱ्यांना यात नवल नाही.

१२ मार्च (दिवस ३१)

धुण्यानं गारमेंट बिघडायला लागलं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, बाकी बोअरचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याची पांढरी साय धाग्यात बसते आणि कापड पापडासारखं कडक होतं. शिवाय एकदा घाईत गच्चीवर उन्हात टाकलं. नवीन असताना कमरेशी न ताणता पसरून ३७ सेंटिमीटर भरत होतं, आज ३९. ऊन आणि गरम पाणी लवचीक धाग्याला मारतं.

आता: साध्या गार पाण्यात शाम्पूचे दोन चमचे, दहा मिनिटं भिजवून हातानं दाबून धुणं, शेवटचं एक बादली पाणी नळाचं साठवलेलं. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. सावलीत पंख्याखाली. मार्चच्या कोरड्या हवेत तीन तासांत सुकतं. कंडिशनर, ब्लीच, इस्त्री नाही.

सैल झालेलं गारमेंट बाजारातल्या शिंप्याकडे आत घ्यायला दिलं. साधा सरळ टाका मारला, ६० रुपये. घालताना ताणलं तशी शिवण तटातट तुटली. ताणणाऱ्या कापडाला नागमोडी टाका, पॉलिस्टरचा दोरा आणि गोल टोकाची सुई लागते. ते करणारा दुसरा शिंपी शोधला, १२०. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर, शिवणीचा उंचवटा बाहेरच्या बाजूला. एकाच बाजूनं दोन सेंटिमीटर घेतलं असतं तर चेन पोटाच्या मध्याकडे सरकली असती.

१७ मार्च (दिवस ३६)

ऊन वाढलं. छातीखाली आणि जांघेत घामोळं. टाल्कम पावडर लावली होती, घामात तिचे खडे झाले आणि घासून लाल झालं. पावडर बंद. बनियन दिवसातून दोनदा बदलणं, दुपारी कूलरसमोर, आणि डॉक्टरांच्या परवानगीनं रोजचा उघडा वेळ एकावरून दोन तासांवर, संध्याकाळी. वीज गेली तर तोच वेळ पुढं-मागं करायचा. कडेला गोल, खवलेदार, खाजरा चट्टा दिसला तर तो घामोळं नाही, गजकर्ण असू शकतं. दुकानातून मलम न आणता दाखवा.

ज्यांना तारीख निवडता येते त्यांनी दिवाळीनंतरची घ्यावी. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हे गारमेंट २३ तास अंगावर ठेवणं म्हणजे फार सोसणं आहे.

२३ मार्च (दिवस ४२)

सहा आठवड्यांची तपासणी. टाका मिटलेला, पाणी नाही. बेंबीवर सकाळी ९१, संध्याकाळी ९३. गारमेंट दुसऱ्या रांगेत. आता १२ तास, रात्री काढायचं.

परतल्यावर टँकर आला आणि ताईंनी सवयीनं कळशी उचलायला हात घातला. "पट्टा घातलाय की," असं म्हणाल्या. भरलेली कळशी दहा किलोच्या आसपास जाते. पट्टा आतल्या शिवणीचं वजन पेलत नाही. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर आणखी काही आठवडे मनाई केली आहे, पट्टा असो वा नसो. पाणी भरायला शेजारच्या मुलाला ठरवलं.

३१ मार्च (दिवस ५०)

१२ तासांवर आणल्यावर पहिले तीन दिवस संध्याकाळी पोट जड, घेर ९५. वाटलं पुन्हा पाणी. डॉक्टर पाहून नाही म्हणाले, पट्टा सुटल्यावर सूज काही दिवस हेलकावे खाते. चौथ्या दिवसापासून ९३.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलेलं इथंही उतरवतो. एका पायाची पोटरी सुजली किंवा दुखली, दम लागला, छातीत दुखलं, ताप १००.४च्या वर गेला, टाक्यातून पू किंवा घाण वास आला, पोटाची एक बाजू अचानक फुगली, कातडी काळी पडली: पट्टा सोडा आणि दवाखाना गाठा. दम आणि छातीसाठी १०८ लावा, ओळखीच्या गाडीची वाट पाहू नका.

६ एप्रिल (दिवस ५६)

गारमेंट आता फक्त प्रवासात आणि जास्त चालायचं असेल तेव्हा. घेर सकाळी ९०, संध्याकाळी ९२.

खर्च, ऑपरेशन आणि औषधं सोडून: पट्टे तीन १,८२०, गारमेंट दोन आणि परतीचं कुरिअर ७,०४०, बनियन ६६०, गमजी, गॉज, चिकटपट्टी ९४०, शिंपी १८०, कमोड खुर्ची ९००, संभाजीनगरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी २,२००, म्हणजे १३,२००. एकूण २४,७४०. त्यातले ८८० निव्वळ चुकलेल्या मापांचे आणि चुकीच्या टाक्याचे. सहापैकी दोन फेऱ्या सिरोमाच्या, त्या टळण्यासारख्या नव्हत्या.

एक्सएल पट्टा धुऊन, सावलीत सुकवून ठेवला आहे. खोकला-सर्दी झाली की खोकताना पोटावर उशी दाबायची आणि हा पट्टा बांधायचा, आणखी महिनाभर.